ओली धावपट्टी आणि मिरकरवाड्याचा धक्का

पावसात जमिनीला टेकलेले विमान धावपट्टी संपेपर्यंत थांबत का नाही, आणि थांबणार नसेल तर वैमानिक ते वेळीच पुन्हा वर का नेत नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी यंदाच्या ऑगस्टमध्ये मिरजेहून रत्नागिरीला गेलो. असा प्रश्न घेऊन माणूस विमानतळावर जाईल; मी मासळीच्या बंदरावर का गेलो, हे आधी सांगितले पाहिजे.

माझा मुलगा ओमानमध्ये सलाला येथे नोकरीस आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्याकडे दोन महिने राहून मी परत येत होतो. विमानात शेजारच्या आसनावर रत्नागिरीच्या मिरकरवाडा या मासळीच्या बंदरावरच्या जुबेदाबाई होत्या. त्यांची लेक नसीम हीदेखील सलालाला असते, त्यामुळे बोलणे लगेच जुळले. आपल्याकडच्या किनाऱ्यावर आलो तेव्हा पाऊस कोसळत होता. विमान एकदा खाली आले, आणि धावपट्टी दिसण्यापूर्वीच मोठा आवाज करीत पुन्हा वर गेले. बराच वेळ ढगांत घिरट्या झाल्या. दुसऱ्या खेपेस ते उतरले. फार अलगद उतरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच माझ्या लक्षात आले की खिडकीबाहेरचे दिवे अजून फार वेगाने मागे जात आहेत. मग धक्के सुरू झाले, धावपट्टी संपली आणि विमान पुढच्या चिखलात शिरून नाक वाकवून थांबले.

जीव कोणाचाही गेला नाही. काहींना मार लागला. जुबेदाबाईंचे उजवे मनगट मोडले. रबरी घसरगुंडीवरून उतरून आम्ही पावसात उभे होतो तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझी बाही घट्ट धरून ठेवली होती.

या जुलैच्या अखेरीस त्यांचा फोन आला. नसीमला दिवस भरत आले होते. तिचे पहिले मूल जन्मताच गेले होते, आणि त्या वेळी आई जवळ नव्हती. आता आईचे तिकीट काढलेले होते, पण आईचे पाऊल उचलत नव्हते.

“मास्तर, तुमी शाळेत सायन्स शिकवलांत. परत तसां होणार नाय, येवढां सांगा. तुमी सांगितलांत तर मी जाईन.”

चौतीस वर्षे मी नववी-दहावीला विज्ञान शिकवले. जे सिद्ध करता येत नाही ते फळ्यावर लिहायचे नाही, एवढी एकच शिस्त मी पाळली. फोनवर हो म्हणणे सोपे होते. मी म्हणालो, “असे फोनवर सांगता येत नाही. मी येतो.”

अणुस्कुरा, ओणी, लांजा

कोल्हापूरहून आंबा घाटाने जाणारी माझी बस मलकापूरच्या पुढे थांबली. घाटात दरड आली होती आणि रस्ता ‘होईल तासाभरात’ असे पोलीस सांगत होते. चालकाने पाच मिनिटे वाट पाहिली, खाली उतरून एका ट्रकवाल्याशी बोलला आणि गाडी वळवली. आता अणुस्कुरा घाटाने उतरून पाचल, ओणी, लांजा असा वळसा पडणार होता. गाडीत मोठा गलका झाला. त्यात माझाही आवाज होता, हे मी येथे नोंदवतो.

“अहो, तासाभरात सुटेल म्हणतात ना ते?” मी वाहकाला विचारले.

“म्हणतात,” तो तिकिटांची पेटी मिटत म्हणाला. “आजोबा, तुमाला दरड डोक्यावर घ्यायची असली तर उतरा हितंच. छत्री देतो माझी.”

सगळे हसले. गाडी घाट उतरल्यावर मातीचा रंग बदलला. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि पायाला चिकटते. इथल्या तांबड्या जांभ्यावरून पाणी थांबतच नाही, खडीसारखे खळखळत धावते. लांज्याला गाडी वीस मिनिटे उभी राहिली. स्थानकासमोरच्या दुकानात मी सालासकट भाजलेले काजू घेतले. दुकानदारीण वजन करताना म्हणाली, “आंब्यानां येणार होतात? मग बरां झालां इकडनां आलात. नायतर माझे काजू कोणी घेतले असते?” त्या प्रवासात वळसा पडल्याचा आनंद झालेली मला भेटलेली ती पहिली व्यक्ती.

मिरकरवाडा

पोहोचायला अंधारून आले. जुबेदाबाईंचे घर धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. घरात त्या आणि त्यांचा धाकटा मुलगा अस्लम. अस्लम सव्वीस वर्षांचा, पण बोटीवर तांडेल आहे, म्हणजे बोट कुठे न्यायची, कधी परत फिरायचे हे ठरवणारा तोच. मासेमारीवरची पावसाळी बंदी उठून थोडेच दिवस झाले होते आणि तो पहाटे निघणार होता.

जेवायला तांदळाची भाकरी आणि बांगड्याचे सालन होते. आमच्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडतो. ही भाकरी दुमडते, आणि दुमडीत सालन राहते. मी ते शिकेपर्यंत अर्धे सालन मनगटावरून कोपरापर्यंत गेले.

“सर, पुराचा पाणी वरती चढला,” अस्लम गंभीरपणे म्हणाला.

“गप रे मेल्या. पाव्हणे हायत.” जुबेदाबाईंनी त्याला दटावले आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांचे उजवे मनगट अजून पूर्ण वळत नव्हते. तांब्या त्यांनी डाव्या हाताने उचलला होता.

नंतर त्यांनी तिकीट आणून दाखवले. मुंबई, मस्कत, सलाला. पोहोचण्याची तारीख डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या दोनच दिवस आधीची. अरबस्तान म्हणजे वाळू आणि कोरडे आकाश अशी आपली समजूत असते. सलाला त्याला अपवाद आहे. आपल्या पावसाळ्याच्याच महिन्यांत तेथे डोंगर हिरवे होतात, झिमझिम पडते आणि दाट धुके उतरते. जुबेदाबाईंनी हे दोन वर्षे पाहिले होते. त्यांची भीती अडाणीपणाची नव्हती.

“हवा तेवढा समुद्र बघितलाय मी,” त्या म्हणाल्या. “त्याची भीती नाय वाटत. ह्याची वाटते.” बोट त्यांनी तिकिटावर ठेवले होते.

दुसरा दिवस: सायकल

अस्लम पहाटे गेला. मी ठरवले होते की प्रश्नाचे दोन भाग करावेत आणि पहिला भाग प्रयोगाने दाखवावा. घरामागे जाळी विणण्याची लांब पत्र्याची शेड आहे. तिच्या एका टोकाला उतार आहे आणि बाहेर शेवाळलेली फरसबंदी. अस्लमची जुनी सायकल मी त्याच्याकडून रात्रीच मागून ठेवली होती. उताराच्या माथ्यावरून पायडल न मारता सायकल सोडायची, म्हणजे वेग दर वेळी जवळपास सारखाच राहतो; खुणेपाशी ब्रेक दाबायचा; आणि किती पावलांत थांबते ते मोजायचे. खडूची खूण पावसात टिकेना, म्हणून खुणेपासून पुढे ठरावीक अंतरावर नारळाच्या करवंट्या ओळीने ठेवल्या.

शेडमध्ये, कोरड्या जमिनीवर, सायकल चार पावलांत थांबली. बाहेर ओल्या फरशीवर तिला नऊ पावले लागली.

“आता असे समजा,” मी जुबेदाबाईंना सांगितले, “की ब्रेक पहिल्या करवंटीऐवजी तिसऱ्या करवंटीपाशी लागला. मागे राहिलेली जमीन आता उपयोगाची नाही. विमान अलगद उतरवण्याच्या नादात हवेत तरंगत राहिले की असेच होते. आपल्याला वाटते, काय सुरेख उतरवले. वास्तविक ओल्या धावपट्टीवर ते जरा दणकन टेकलेले बरे. चाक पाण्याचा थर फोडून जमिनीला लवकर भिडते. थर जाड असला आणि वेग जास्त असला तर चाक पाण्यावरच चढून बसते. मग ब्रेक दाबला काय आणि न दाबला काय.”

“आनी पाठीमागनां वारा असला तर?”

हा प्रश्न माझ्या वर्गात फार थोड्यांनी विचारला असता. “तर वेग वाढतो. वेग एकदशांशाने वाढला तर थांबायला लागणारे अंतर एकपंचमांशाहून थोडे अधिक वाढते, कारण अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. थांबा, दाखवतो.”

दाखवण्यासाठी मी दोन पायडल मारले. सदुसष्टाव्या वर्षी ते मारायला नको होते. तिसऱ्या करवंटीपाशी दाबलेल्या ब्रेकने चाक थांबले, सायकल थांबली नाही. ती करवंट्या उडवत, फरशी संपल्यावर, शेजारच्या गटाराच्या चिखलात शिरून आडवी झाली आणि मी तिच्याखाली.

क्षणभर जुबेदाबाई तोंडावर हात धरून उभ्या राहिल्या. मग त्या हसू लागल्या. भिंतीला टेकून, डोळे पुसत हसल्या. “मास्तर, विमान चिखलात गेलां गो बाय!”

माझा गुडघा फुटला होता. त्यांनी हळद आणली, पट्टी बांधली. बांधता बांधता त्यांचे हसू ओसरले. “समजलां मला,” त्या म्हणाल्या. “का थांबत नाय ते समजलां. पण आता भीती कमी नाय झाली, मास्तर. जास्त झाली. आदी वाटायचां नशीब. आता वाटतां, कोणीतरी तिसऱ्या करवंटीवर ब्रेक दाबणार.”

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. उत्तर बरोबर होते आणि त्याचा उपयोग उलटा झाला होता.

तिसरा दिवस: धक्का

सकाळपासून वारा वाढला. अकराच्या सुमारास बातमी आली की अस्लमची बोट बंदराच्या बाहेर आहे. आम्ही धक्क्यावर गेलो. बर्फाचा ट्रक उभा होता, टोपल्या घेतलेल्या बायका होत्या, मुंबईला माल पाठवणारा एक व्यापारी रेनकोटात येरझारा घालत होता. बंदराच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. तेथे वाळू साचते, त्यामुळे आत यायची वाट अरुंद आहे.

राखाडी पावसातून निळी बोट दिसू लागली. मी हात उंच करून ओरडलो, “आली! आली!”

जुबेदाबाईंनी माझा हात धरून खाली ओढला. बाजूच्या दोन म्हाताऱ्या कोळणी माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू मी भर वर्गात शिवी दिली होती.

“असां बोलायचां नाय,” जुबेदाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “आता नुसती दिसली. मग तोंडाशी वळली तर ‘वळली’ म्हणायचां. दोर खुंट्याला बांधला की मग ‘आली’. त्याच्या आदी नाय. आनी हात तर करायचाच नाय.”

“का?”

“माज्या लग्नाच्या वर्षी माजे थोरले दीर असेच येत होते. रेघ जुळली नव्हती त्यांची. ती बघा, किल्ल्याच्या टेकडीवरची खूण आनी हा दिव्याचा खांब, दोन्ही एका रेघेत दिसले पायजेत, तरच आत यायचां. ते फिरणारच होते. पण धक्क्यावर सगळी आळी जमलेली. लोकांनी हाका मारल्यान, हात केल्यान. आली, आली. त्यांनी बोट आत घातलान.” त्यांनी बंदराच्या तोंडाकडे पाहिले. “बोट वाळूवर फुटली. दीर गेले. तवापासनां आमच्या घरात कोणी हाक मारत नाय. फोन पण करायचा नाय, कवा येतोस म्हणून. धक्का डोळ्यासमोर आला की माणसाला आत ओढतो तो. त्यात आपण आनी कशाला ओढायचां?”

बोट तोंडाशी आली. एका लाटेवर ती तिरकी झालेली मला स्पष्ट दिसली. व्यापाऱ्याने घड्याळ पाहिले आणि तोंडाशी हात नेऊन आवाज दिला, “अरे ये की आत! इथे बर्फाचा पाणी होतोय!”

“तुज्या बर्फात तूच बस जा,” एक म्हातारी त्याच्यावर उसळली. “तोंड मिट आदी.”

आणि मग बोटीचे नाक फिरले. ती सावकाश वळली आणि पुन्हा खुल्या समुद्राकडे, त्या सगळ्या खवळलेल्या पाण्यात, निघून गेली. जवळ राहणारा एकच मुलगा त्या बोटीवर असलेली ती आई माझ्याशेजारी उभी होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“फिरवलान. बरां केलान,” त्या म्हणाल्या. “चला, भात टाकते. भरतीवर येईल.”

घरी जाताना मी विचारले, “भीती नाही वाटली?”

“आत घुसला असता तर वाटली असती. भाईर बोटीला जागा हाय, मास्तर.”

मी रस्त्यातच थांबलो. माझ्या प्रश्नाचा दुसरा भाग माझ्यासमोर उभा होता आणि त्याचे उत्तर देणाऱ्या बाईला आपण ते दिले आहे याची कल्पना नव्हती.

“जुबेदाबाई,” मी म्हणालो, “आपले विमान पहिल्या वेळी खाली येऊन पुन्हा वर गेले, तेव्हा तुम्ही काय करत होता?”

“दुआ मागत होते. लवकर उतरव म्हणून.”

“मी घड्याळ पाहिले होते. शेवटची बस चुकणार म्हणून मी कुरकुरलो. पुढच्या रांगेतला एक जण तर हवाईसुंदरीवर ओरडला.”

छत्रीवर पाऊस वाजत होता.

“म्हणजे पयल्या वेळी त्यानां फिरवलान, ती चांगली गोष्ट होती.”

“होय.”

“आनी आमी सगळे घाबरलो ते तेव्हा.”

“होय.”

“आनी टाळ्या वाजवल्या त्या दुसऱ्या वेळी.”

“होय.”

येथे एक गोष्ट मी त्यांना सांगितली आणि वाचकांनाही सांगतो. आमच्या विमानाचे त्या दिवशी नेमके काय चुकले, हे मला माहीत नाही. ते तपास करणाऱ्यांनी सांगायचे. बंद दाराआड बसलेल्या वैमानिकाला आमच्या टाळ्या आणि कुरकूर ऐकूही गेली नसेल. पण त्यालाही समोर धावपट्टीचे दिवे दिसत असतात, मागे उशीर साचलेला असतो, इंधनाचा हिशेब असतो, आणि एकदा परत फिरून झालेले असते. धक्का त्यालाही आत ओढतो. रेघ जुळली नाही तर पुन्हा वर जायचे, हा त्यांच्याही विद्येतला नियम आहे. तो पाळायला ज्ञान लागते, आणि पाळता यावा म्हणून बाहेर जागा लागते, म्हणजे हाताशी इंधन आणि वेळ.

चार वाजता, भरतीच्या पाण्यावर, अस्लमची बोट आत आली. दोर खुंट्याला पडला तेव्हा जुबेदाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आता म्हणा.”

“आली,” मी म्हणालो.

अस्लम भिजलेला, मिठाने पांढरा झालेला, धक्क्यावर चढला आणि त्याची नजर माझ्या गुडघ्याकडे गेली. “सर, माजी सायकल हाय ना?”

त्या संध्याकाळी जुबेदाबाईंनी अस्लमला तिकीट बदलायला लावले. बाळंतपणाच्या इतकी जवळची तारीख त्यांना नको होती. डॉक्टरांच्या तारखेआधी निदान आठ दिवस हवे होते. अस्लमने फोनवर खटपट करून त्याच आठवड्यातले तिकीट मिळवले. मग त्यांनी नसीमला फोन लावला.

“ऐक गो. एअरपोर्टवर येव नको. घरी ऱ्हा. फोन करू नको, मला नाय नि विमानाच्या कंपनीला पण नाय. विमान फिरलां, दुसरीकडे उतरलां, एक दिवस, दोन दिवस गेले, तरी घाबरायचां नाय. दिवस हायत आपल्याकडे. आली म्हणून मीच सांगीन.”

फोन ठेवून त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “होणार नाय, असां काय तुमी शेवटपर्यंत सांगितलां नाय.”

“सांगता येत नाही.”

“ठाव हाय,” त्या म्हणाल्या, आणि भाकरीचा तवा चुलीवर ठेवला.

मिरज

परतताना आंबा घाट सुरू झाला होता. आमच्याकडे माणूस घराबाहेर पडला की दर तासाला ‘कुठवर आलास?’ असा फोन जातो. त्याला आम्ही माया म्हणतो. जुबेदाबाई निघाल्या त्या दिवशी मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि दिवसभर त्याला हात लावला नाही. हे लिहायला जितके सोपे आहे तितके करायला नव्हते. संध्याकाळ झाली, ठरलेली वेळ टळून तीन तास झाले. मी जेवलो नाही.

रात्री नऊला फोन वाजला.

“मास्तर! फिरवलान!”

त्यांचा आवाज इतका उत्साही होता की मला अर्थ कळायला वेळ लागला. सलालाला धुके होते. विमान खाली आले, काही दिसेना, वैमानिकाने ते वर नेले आणि सरळ मस्कतला परत आणले. सगळ्यांना एका हॉटेलात ठेवले होते.

“लोक किती ओरडत होते, काय सांगू! बाजूचा एक तर रडायला आला. मी त्याला म्हटलां, बाबा, बरां केलान त्यानां. भाईर जागा हाय.”

“तुम्ही घाबरला नाहीत?”

“घाबरले तर. हात मांडीखाली दाबून बसले होते. पण उलट्या बाजूनां, फिरवलान म्हणून, घाबरले नाय ह्या वेळी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज येत होता आणि एक तरुण बाई काहीतरी विचारत होती. जुबेदाबाईंनी एकच शब्द सांगितला.

“आली.”

नसीमला अजून आठवडा होता.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी सांगितले म्हणून कोणी मानू नये. एखाद्या ओल्या, मोकळ्या जागी सायकल हळू चालवून आधी कोरड्यावर आणि मग ओल्यावर थांबण्याचे अंतर पावलांनी मोजा. जादा पायडल मारू नका. आणि पुढच्या वेळी पावसात विमानाने उतराल तेव्हा खिडकीतून धावपट्टीची सुरुवात दिसल्यापासून चाके टेकेपर्यंत, आणि टेकल्यापासून विमान चालण्याच्या वेगावर येईपर्यंत, मनात आकडे मोजा. तोवर टाळी वाजवू नका. माझे काही चुकले असेल तर कृपया स्वतः पडताळून पाहा आणि मला कळवा.